परत पाठवलेल्यांची रांग

गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात अलीकडे शांतता चांगल्या भावाने विकली जाते. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. बस धारगळ सोडून कोलवाळच्या पुलाकडे निघाली की खिडकीतून एकेक फलक सरकत जातो. डोळे मिटलेली बाई, मागे समुद्र, आणि खाली श्वासाबद्दल एखादं वाक्य. हरमल, मांद्रे, आश्वे या किनाऱ्यावर योगशिबिरं भरतात, शरीर शुद्ध करणारे हिरवे रस मिळतात, मौन पाळायचेही पैसे पडतात. आमची आजी दुपारच्या जेवणानंतर दोन तास कोणाशी बोलत नाही, तिला आजवर कोणी छदाम दिलेला नाही.

मी या सगळ्याच्या विरुद्ध आहे असं मुळीच नाही. ऑक्टोबर ते मार्च या धंद्यावर आमच्या वाड्यावरच्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं, तेव्हापासून गावातली गुडघेदुखीवाली मंडळीही तिकडे वळली आहेत. माझी कुरकुर आरोग्याबद्दल नाही. मानसशास्त्र शिकत असल्यामुळे मला फलक वाचायची खोड लागली आहे, आणि फलक वाचता वाचता जे दिसलं त्याबद्दल हे लिहिते आहे.

शांतता विकणाऱ्यांच्या फलकावर खालच्या कोपऱ्यात तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतोच. मोबाईल समोर धरला की खोलीचं बुकिंग, नकाशा, विमानतळावरून न्यायला येणारी गाडी, सगळं तयार. माणसाने नुसतं बोट हलवायचं. त्याच रस्त्यावर सार्वजनिक आरोग्याचेही फलक आहेत. त्यांवर नेत्यांचे चेहरे उतरत्या आकारात, एखादं अनीमियामुक्तीचं किंवा स्वच्छतेचं घोषवाक्य, आणि मध्ये हसरं कुटुंब. पण मला तपासून घ्यायचं असेल तर कुठल्या दारात, कोणत्या वारी, किती वाजता उभं राहायचं? ते त्यावर लिहिलेलं नसतं. चेहऱ्यांनाच जागा पुरत नाही.

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लशीवर एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांना अंगावर काटा येईल अशी माहितीपत्रिका दिली, काहींना सौम्य. भीतीचा परिणाम झाला, पण तो मतांवर. भेदरलेली मुलं म्हणाली की लस घ्यायलाच हवी, आणि घेतली मात्र नाही. ज्यांना पत्रिकेसोबत दवाखान्याचा नकाशा आणि वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला सांगितलं होतं, त्यांच्यातले २८ टक्के जाऊन टोचून आले. नकाशा न मिळालेल्यांत हाच आकडा ३ टक्के होता. आणि ही मुलं शेवटच्या वर्षाची. विद्यापीठाचा दवाखाना कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं!

हे वर्गात ऐकताना मला गाडगेबाबा आठवले. कीर्तन रात्री. त्याआधी गावात शिरल्या शिरल्या हातात झाडू. रात्री लोक ऐकायला बसायचे तेव्हा सकाळी झाडलेला रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. स्वच्छता चांगली का, हे पटवायला बाबांकडे शब्द भरपूर होते, पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न ते आधीच निकालात काढत. आपल्याकडे आता कीर्तन तेवढं उरलंय.

आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं रक्तदान शिबिर होतं. योजनेत नाव घातलं की दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते, त्यामुळे शिबिरासाठी हातांची कमी पडत नाही. पोस्टर ठरलेलं. लाल थेंब, थेंबाला डोळे आणि हसू, वर 'रक्तदान हेच श्रेष्ठदान'. हॉलमध्ये खाटा, केळी, बिस्किटं, फ्रूटीचे खोके, आणि दाराजवळ पुठ्ठ्याची मोठी फ्रेम. रक्त देऊन आलं की त्या फ्रेममध्ये उभं राहून फोटो काढायचा.

माझं काम तपासणीच्या टेबलावर नोंदी करायचं होतं. तिथे एक काचेचं भांडं असतं, त्यात मोरचुदाचं निळंशार पाणी. द्रावण असं मोजून केलेलं असतं की त्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेतला जडपणा, १.०५३ भरतं. अनामिकेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब वरून अलगद सोडतात. हिमोग्लोबिन शंभर मिलिलीटर रक्तामागे १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल तर थेंब तळाशी जातो. कमी असेल तर तो मधल्या मध्ये घुटमळतो, कधी पुन्हा वर येतो. निळ्या पाण्यात तो तपकिरी मण्यासारखा दिसतो. समोर बसलेल्या मुलीला या भांड्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं, तरी तिला कळतं. थेंब बुडाला की टेबलावरचे काका 'चला, पुढे' म्हणतात, तरंगला की 'नेक्स्ट'.

त्या सकाळी 'नेक्स्ट' फार वेळा ऐकू आलं, आणि बहुतेक मुलींच्या वेळी. माझी मोरजीची मैत्रीणही त्यात होती. ती मोसमात शनिवार-रविवार किनाऱ्यावरच्या एका आरोग्यशिबिराच्या स्वागतकक्षात बसते. शरीर हलकं कसं करावं, सकाळी उपाशीपोटी काय प्यावं, हे ती पाहुण्यांना इंग्रजीतून न अडखळता सांगते. तिचा थेंब वर आला तेव्हा ती म्हणाली, "माझं रक्त पोहायला शिकलंय गो." आम्ही दोघी हसलो. मग ती बोट दाबून धरत हॉलच्या मागच्या दाराने बाहेर गेली. पुढच्या दाराशी फ्रेम होती ना!

ते मागचं दार माझ्या डोक्यातून जात नाही.

ती रक्त द्यायला आली होती. पोस्टरने, आमच्या सरांच्या भाषणाने, वर्गावर्गात फिरून केलेल्या आवाहनाने तिचं मन वळलेलं होतं. म्हणजे आमचा संदेश शंभर टक्के यशस्वी झाला होता. पण तिला परत पाठवताना द्यायला आमच्याकडे एक वाक्यसुद्धा नव्हतं. मर्यादा १२.५ची आहे ती तिच्याच भल्यासाठी, कारण एका वेळी निदान ३५० मिलिलीटर रक्त काढतात आणि ते भरून यायला अंगात लोहाचा साठा लागतो. म्हणून तर पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबवतात आणि बाईला १२०. हे सगळं रक्तपेढीच्या माणसांना तोंडपाठ असतं. पण ती बिचारी बाटल्या मोजायला आलेली असतात आणि रांग लांब असते. संध्याकाळी अहवालात एवढ्या बाटल्या रक्त जमा झालं असं लिहिलं गेलं. परत पाठवलेल्यांचा रकाना आमच्या अहवालात नव्हताच.

आमच्या गावच्या जत्रेत दशावताराच्या मध्यंतरात ध्वनिक्षेपकावरून देणग्या पुकारतात. अमुक यांजकडून देवस्थानास एक हजार एक, तमुक यांजकडून नाटक मंडळास पाचशे एक. पुकारणाऱ्याचा आवाज असा काही लागतो की झोपलेली पोरं उठून बसतात. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, इथे पाच वाड्यांना कळतं. देवळाच्या सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, म्हणून काही हुशार लोक भिंतीवरचं घड्याळ देतात. मुंबईहून आलेला माझा एक भाऊ या प्रकाराला नाकं मुरडतो. मी नाही मुरडत. एक नाव पुकारलं की चार खुर्च्या सोडून बसलेला माणूस खिशात हात घालतो, हे मी लहानपणापासून बघते आहे. आजीचं म्हणणं तर याहून रोखठोक. देवाला नाव ठाऊक असतं, पुकारतात ते शेजाऱ्यासाठी.

आजीने हे म्हटल्यावर खूप वर्षांनी मला ते पुस्तकात सापडलं. २००८ साली नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्ह्लादास ग्रिस्केव्हिशस यांनी हॉटेलांतल्या न्हाणीघरातल्या सूचनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पर्यावरण वाचवा, अशी विनंती केली तर काही लोक ऐकतात. पण बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असं लिहिलं की जास्त ऐकतात, आणि याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी तसं केलं असं लिहिलं की सगळ्यांत जास्त. मैत्रीण काम करते तिथेही अशी पाटी आहे, पण तिच्यावर पृथ्वीचं चित्र काढलंय. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, पृथ्वी काढून टाकायला मालकाला सांगू का? सांग म्हटलं.

तर आमची ती पुठ्ठ्याची फ्रेम म्हणजे जत्रेतला ध्वनिक्षेपकच. कोपराच्या आत चिकटवलेली पट्टी दाखवत काढलेले फोटो रात्रीपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर होते. तेही चांगलंच. ते बघून पुढच्या वेळी आणखी पोरं येतील. मला खटकलं ते एवढंच की देणाऱ्याचा जयजयकार जितका मोठा, तितकं मागच्या दाराने जाणं जड. कोणी काही बोललेलं नसतं, पण 'तू नाही दिलंस?' हा प्रश्न प्रत्येक फोटो विचारत असतो. पुढच्या शिबिराला ती मुलगी येणार नाही. ती 'मला सुईची भीती वाटते' असं सांगेल, कारण रक्त कमी आहे म्हणण्यापेक्षा ते सोपं.

गोव्यात तर रक्तदात्याला परत पाठवण्यापलीकडचं घडून गेलंय, आणि माझ्या वयाच्या फार थोड्या जणांना ते माहीत आहे. बार्देशातल्या पर्रा गावचे डॉमनिक डिसोझा नियमित रक्तदान करायचे. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचं निघालं. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना बोलावून नेलं आणि तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटं डांबलं. ६४ दिवस. त्यांच्या आईला उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. सुटल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९९२ साली त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ते वारले. एड्स म्हणजे मृत्यू, एवढंच त्या काळी भिंतीभिंतीवर आणि कानाकानांत सांगितलं जात होतं. भीती लोकांपर्यंत पोचली होती, कायद्यापर्यंतही पोचली होती, पण लागण झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं, याचं उत्तर कोणीच तयार ठेवलेलं नव्हतं. ते उत्तर मग त्या माणसालाच उभं करावं लागलं.

हिमोग्लोबिन कमी असणं ही त्या मानाने किरकोळ गोष्ट, मान्य. पण किरकोळ असल्यामुळेच तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आहे. गोव्याचा आकडा देशापेक्षा बरा, तरी दहातल्या जवळजवळ चौघी. मोबाईलवर मदतीचे जे मेसेज फिरतात त्यांत एक चेहरा असतो, बहुधा लहान मुलाचा, नाकात नळी घातलेला. ते उगाच नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीसाठी लोक जितके पैसे देतात, त्याच्या निम्म्यानेही लाखोंच्या आकडेवारीसाठी देत नाहीत. रोकियाच्या गोष्टीला आकडेवारी जोडली तर तिचेही पैसे कमी होतात. आता रक्त कमी असलेल्या मुलीचा चेहरा दाखवायचा तरी कसा? ती दिसायला धडधाकट असते. दुपारच्या तासाला पेंगते, जिना चढताना थांबते, आणि आई म्हणते रात्रभर मोबाईल बघितल्यावर दुसरं काय होणार.

बरं, उपाय महाग नाही. आमच्या हायस्कुलात दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळायची. जेवून घ्या, एवढं बाई सांगायच्या. ती घेतल्यावर मळमळेल, शौचाला काळं होईल आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मात्र कोणी सांगितलं नाही. मग एका मुलीच्या आईने काळं पाहिलं, ती घाबरली, तिने शेजारणीला सांगितलं, आणि पुढच्या सोमवारी वर्गाच्या खिडकीखाली निळ्या गोळ्यांचा सडा पडला. बाईंना वाटलं मुली बेजबाबदार आहेत. मुलींना वाटलं गोळीत काहीतरी काळंबेरं आहे. दोन वाक्यांचं काम होतं.

खाण्याचंही तसंच. सकाळी कँटीनमध्ये पाव-भाजी आणि चहा, दुपारी डबा आणि पुन्हा चहा. जेवणाबरोबर चहा घेतला की जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळलं तर जास्त लागतं, इतकी साधी गोष्ट. घरी तांबडी भाजी होते, अळसांदे होतात, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या मिळतात, नाचणीचं तिजान, म्हणजे लापशी, होतं. आता तिजान मैत्रिणीच्या शिबिरातही मिळतं, वर बदामाचे काप घालून, कांस्याच्या वाटीत. तिथली वाटीची किंमत ऐकून आजीने देवाचं नाव घेतलं. पण मैत्रीण खरं तेच म्हणाली. पाहुण्यांना ते विकताना ती त्याचे गुण एका दमात सांगते, आणि स्वतः सकाळची बस चुकू नये म्हणून काही न खाता घर सोडते.

म्हणून यंदाच्या शिबिराच्या बैठकीत मी पोस्टरचा मजकूर लिहून नेला. वार, वेळ सकाळी दहा ते एक, तळमजल्यावरचा हॉल, जिन्याच्या डाव्या हाताला. न्याहारी करून या, येण्याआधी पेलाभर पाणी प्या, वजन ४५ किलोच्या वर हवं. त्याखाली, हिमोग्लोबिन कमी भरलं तर शेजारच्या टेबलावर बसा, गोळ्या तिथेच मिळतील, तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. सरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "घोषवाक्य कुठेय?" मी म्हटलं, जागा उरली तर घालू. सरांना ते फारसं रुचलं नाही, पण ते माणूस चांगले आहेत, म्हणाले, थेंबाचं चित्र तरी ठेव.

खरी अडचण शेजारच्या टेबलाची निघाली. त्याला माणूस कोण देणार? आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलं तर त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, गोळ्या आमच्याकडे पडून आहेत, न्यायला कोणी येत नाही. मग प्रायोजक. टी-शर्ट आणि फ्रूटी देणाऱ्या दुकानदाराला आम्ही सुचवलं की यंदा तुमचा फलक शेजारच्या टेबलावर लावू या, त्या टेबलापाशी मुली जास्त वेळ बसतील, तुमचं नाव जास्त वेळ वाचलं जाईल. हिशोब चोख होता. त्याने थोडा विचार केला आणि नको म्हणाला. जिथे बाटल्या भरतात तिथेच लावा, नाहीतर आमचं दुकान अशक्त माणसांचं वाटेल.

तेव्हा त्या टेबलाला प्रायोजक नाही. टेबल ग्रंथालयातून उचलून आणायचंय, ग्रंथपालबाई एक वाजेपर्यंतच देणार. सिस्टर साडेदहाला पोचतील. त्या येईपर्यंत तिथे कोणी बसायचं यावर बरीच चर्चा झाली, मग मोरजीची मैत्रीण म्हणाली, मी बसते. तिने गोळ्या सुरू करून बरेच दिवस झालेत, कशाने मळमळतं आणि कशाबरोबर घेतल्या की मळमळत नाही, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त एक अट घातली. पुठ्ठ्याची फ्रेम या वेळी दोन्ही टेबलांच्या मध्ये ठेवायची.